कामठ्याचे लाकूड वाळले हे कशावरून ओळखावे?

खंडेनवमीस माळव्यातील जुन्या घराण्यांतून जी शस्त्रे पूजेला निघतात, त्यांत तलवार असते, कट्यार असते, एखादे वेळी भाल्याचे पातेही असते. धनुष्य मात्र क्वचित दिसते. लोखंडावरचा गंज घासूनपुसून काढता येतो; माळ्यावर पडून अनेक चौमासे प्यालेल्या लाकडावर तसा इलाज नाही. ओढले की ते एक तर वाकून तसेच राहते, नाही तर कडाडून मोडते.

झाबुवा-अलिराजपूरकडील भिल्लांच्या हाती मात्र तिरकामठा अद्याप दिसतो. त्याचा दांडा वेळूचा, आणि दोरीच्या जागीही पुष्कळदा वेळूचीच कामटी. कौटिल्याने ताड, वेळू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. अग्निपुराणातील धनुर्वेदाने एक पाऊल पुढे जाऊन शरद ऋतूत तोडलेल्या वेळूच्या धनुष्याला सर्वांत श्रेष्ठ ठरविले. द्रव्य कोणते एवढेच नव्हे, तर ते केव्हा तोडावे याचाही विचार आपल्याकडे झालेला होता, हे त्यावरून दिसते. पुढचा प्रश्न, म्हणजे तोडलेले लाकूड धनुष्याजोगे वाळले केव्हा म्हणावयाचे, हा मात्र जो तो कारागीर आपल्या हाताने सोडवीत आला.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत भरलेले असते. ते लवकर निघून जाते. उरलेले पेशींच्या भिंतींतच मुरलेले असते, आणि हेच पाणी धनुष्याचा घात करते. धनुष्य ओढले की त्याची पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. भिंती ओलसर असल्या म्हणजे पोटाकडील तंतू दबतात आणि पुन्हा उठत नाहीत. ओलाव्याचा एकेक टक्का वाढला की दाब सोसण्याची लाकडाची ताकद पाच-सहा टक्क्यांनी घटते. उलट, फाजील वाळलेल्या लाकडाची पाठ ताण न सोसून तुटते. म्हणून धनुष्याला साधारण 8 ते 10 टक्के ओलावा मानवतो.

हा ओलावा ओळखण्याच्या घरगुती खुणा अनेक आहेत. लाकूड गालाला लावावे, गार लागले तर ओले. बोटाने ठोकावे, ठणठणीत वाजले तर सुके. या खुणा अगदीच टाकाऊ नव्हेत. पण ज्याने शेकडो लाकडे हाताळली त्याच्या कानाला जे कळते ते नवशिक्याला कळेल असे नाही. ‘पाच वर्षांचे लाकूड आहे’ या बोलण्याला तर मुळीच अर्थ नाही. वर्षे लाकूड वाळवीत नाहीत, हवा वाळविते. ओलसर पडवीत दहा वर्षे पडलेला ओंडका ओलाच राहतो. फाडून, साल काढून, सावलीत वाऱ्यावर ठेवलेली फाळ काही महिन्यांत तयार होते. मात्र फाळीची दोन्ही टोके सरसाने किंवा मेणाने बंद करावीत. टोकांतून पाणी फार झपाट्याने जाते व चिरा पडतात.

खरी परीक्षा तराजूची. फाळीवर पेन्सिलीने वजन व तारीख लिहावी आणि दर आठवड्याला पुन्हा तोलावे. आरंभी वजन भराभर उतरते, मग हळूहळू, आणि शेवटी थांबते. पण वजन थांबले म्हणजे लाकूड वाळले असे नव्हे! लाकडाचा व हवेचा तेवढ्यापुरता समेट झाला, इतकाच त्याचा अर्थ. हवेत आर्द्रता 50 टक्के असेल तर हा समेट 9 टक्क्यांच्या आसपास होतो, 80 टक्के असेल तर 16 च्या जवळ, आणि 25 टक्के असेल तर 5 च्या. तेव्हा श्रावणात वजन स्थिर झाले म्हणून हुरळून जाणारा फसतो, आणि वैशाखातल्या दुपारी लाकूड उन्हात टाकणाराही फसतो. आमच्या मते माळव्यात मार्गशीर्ष ते माघ हाच या कामाचा काळ.

ज्याला नेमका आकडा हवा असेल त्याने टोकापासून आत, मधल्या भागातून एक लहान तुकडा कापून लगेच तोलावा. मग तो 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटेनासे होईपर्यंत, सुमारे एक दिवस, ठेवावा. समजा 56 ग्रॅमचा तुकडा 50 ग्रॅमचा झाला. पाणी गेले 6 ग्रॅम. ते सुक्या वजनाच्या 12 टक्के. आता मूळ फाळ जर 1120 ग्रॅमची असेल, तर तिच्यात सुके लाकूड 1000 ग्रॅम आहे, आणि 9 टक्क्यांवर ती 1090 ग्रॅम भरली पाहिजे. उरलेले 30 ग्रॅम उतरेपर्यंत रंधा भिंतीलाच टांगलेला बरा. हल्ली दोन सुया टोचून ओलावा सांगणारे विजेचे यंत्र मिळते. ते सोयीचे खरे, पण सुया वरवर टोचल्या तर ते वरच्या थराचीच बातमी देते, आणि प्रत्येक जातीच्या लाकडाला त्याचा आकडा सारखा लागू पडत नाही.

विस्तवावर शेकून घाई करणारेही आहेत. शेकण्याने वेळू व लाकूड कडक होते, वाकडे असेल तर सरळ करता येते, हे खरे. परंतु शेकल्यावर ते काही दिवस हवेत विसावू द्यावे लागते. विस्तवावरून काढलेले लाकूड लगेच ओढणे म्हणजे हातचे मोडून घेणे होय.

धनुष्य तयार झाल्यावरही हवेशी हा व्यवहार संपत नाही. इंग्लंडात रॉजर ॲशम याने 1545 मध्ये धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तो धनुर्धराला मेण लावलेल्या लोकरी कापडाने धनुष्य रोज घासावयास सांगतो. त्याच वर्षी ‘मेरी रोज’ हे इंग्रजांचे युद्धनौकेचे जहाज बुडाले. ते 1982 मध्ये वर काढण्यात आले, आणि या जहाजातून 170 हून अधिक धनुष्ये मिळाली. समुद्रतळाच्या गाळात ती साडेचार शतके टिकली, पण पूर्वीचा जोर काही त्यांत राहिला नव्हता. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी कामठ्याला तेलाचा किंवा मेणाचा हात द्यावा, दोरी उतरवून तो आडवा ठेवावा, आणि चुलीच्या किंवा न्हाणीच्या भिंतीला टेकवू नये. दिवाळीनंतर प्रथम ओढण्याआधी पुन्हा एकदा तोलून पाहावा.