ट्रिगर झाकला का?

मी पाठीचे आणि पायांचे ब्रेस बनवते. शिक्षण मुंबईत, हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत झालं. नोकरी टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओजवळच्या एका लॅबमध्ये. मणक्याला मार बसलेल्या पेशंटसाठी आम्ही कायडेक्स नावाच्या प्लास्टिकच्या शीटमधून छाती-पोटाभोवती बसणारं कवच करतो. त्याच शीटमधून इथली माणसं घरच्या गॅरेजमध्ये पिस्तुलाचं होल्स्टर बनवतात. त्यामुळे सहकारी आणि शेजारी आधी उरलेले तुकडे मागायला येतात आणि नंतर, ‘जरा बघ ना, नीट झालंय का,’ म्हणत बनवलेली वस्तू दाखवायला. मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघते: ट्रिगर पूर्ण झाकला गेलाय का?

महाराष्ट्रात ज्यांनी होल्स्टर पाहिलं असेल, त्यांनी ते बहुधा पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला पाहिलेलं असतं. टेक्सासमध्ये ते वाण्याच्या दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेलाही दिसतं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मात्र उघड दिसेल असं बाळगायचं तर ते होल्स्टरमध्येच हवं. ते होल्स्टर कसं असावं, याबद्दल कायदा गप्प आहे. ती जबाबदारी घेणाऱ्याची.

आणि ती हलकी नाही. ग्लॉक १९ हे इथलं सर्रास दिसणारं पिस्तूल घ्या. त्याला बोटानं चालू-बंद करायची वेगळी सेफ्टी नसते. खाली पडलं तर उडू नये, अशी सोय आत आहे; पण साधारण अडीच किलोच्या दाबानं ट्रिगर मागे गेला की गोळी सुटते. दाबणारं बोट आहे, जाकिटाची दोरी आहे की शर्टाचं टोक, हे पिस्तुलाला कळत नाही. पिस्तूल परत आत सरकवताना अपघात होतात, ते याच कारणानं.

इथे कायडेक्सचा उपयोग कळतो. हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण. रोम अँड हास या अमेरिकन कंपनीनं १९६५ मध्ये ते विमानांच्या अंतर्भागासाठी आणलं. १९७०च्या दशकात बिल रॉजर्स या एफबीआयच्या माजी एजंटनं त्यापासून होल्स्टर बनवायला सुरुवात केली. चामड्याचं होल्स्टर घाम पितं, वर्षानुवर्षांच्या वापरानं मऊ पडतं आणि त्याचं तोंड आत दुमडू लागतं. दुमडलेली कड ट्रिगरवर आली की संपलंच. कायडेक्सचं तोंड उघडंच राहतं, त्यामुळे एका हातानं पिस्तूल परत ठेवता येतं. दोषही आहेत: मध्ये धूळ अडकली की पिस्तुलाच्या रंगावर ओरखडे येतात, आणि भोकांपाशी ताण आला तर तडा जातो. उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर ठेवून जाऊ नये. ऐंशी अंशांच्या आसपास ते आकार सोडायला लागतं, आणि टेक्सासचं ऊन तिथवर सहज पोचतं.

विकत घेताना पाटी वाचा. ‘सगळ्या मध्यम पिस्तुलांना बसेल’ असं लिहिलं असेल तर पुढे चला. ‘सगळ्यांना बसणारा’ पाठीचा ब्रेस मी कुणाला देणार नाही, तसंच हे. होल्स्टर त्याच मॉडेलचं हवं. पिस्तुलाखाली टॉर्च लावला असेल तर त्या टॉर्चसकट मोजलेलं हवं, आणि टॉर्चच्या रुंदीमुळे ट्रिगरपाशी फट राहत नाही ना, तेही तपासायला हवं. बायकांची अडचण वेगळी. ड्रेसला किंवा लेगिंग्जला पट्टा नसतो, म्हणून पोटाला बांधायचे इलॅस्टिकचे पट्टे खूप खपतात. त्यातल्या स्वस्त पट्ट्यांत पिस्तुलावर नुसतं कापड असतं. बाहेरून बोट दाबलं तर ट्रिगर हाताला लागतो. ज्या पट्ट्यात कायडेक्सची कडक खोळ बसवलेली असते, तोच घ्यावा.

आता बनवण्याबद्दल. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची शीट पुरते. एकच शीट दुमडून केलं तर एका बाजूला जोड येतो; दोन शीट समोरासमोर दाबल्या तर दोन्ही बाजूंना. साच्यासाठी खरं पिस्तूल वापरायचंच असेल तर ते रिकामं करा, पुन्हा तपासा, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. माझं मत विचाराल तर प्लास्टिकची निळी नकली पिस्तुलं मिळतात, ती घ्या. मापं तीच, धोका शून्य.

खरं कसब शीट तापवण्याच्या आधीचं आहे. ब्रेस करताना आम्ही प्लास्टरच्या साच्यावर, जिथे हाड वर आलेलं असतं तिथे थोडं प्लास्टर वाढवतो, म्हणजे कवच तिथे टोचत नाही. पिस्तुलावरही तेच करायचं. वरच्या नेमाच्या खुणांच्या रेषेत लाकडी पट्टी चिकटवायची, म्हणजे बाहेर काढताना खूण अडकणार नाही. रिकामी काडतुसं बाहेर पडतात ती खिडकी बुजवायची. मॅगझिन सोडवायच्या बटणाला उंची द्यायची, नाहीतर ते होल्स्टरमध्येच दाबलं जाईल. आणि ट्रिगरभोवतीच्या कड्याची पोकळी भरून सपाट करायची. प्लास्टिकनं त्या कड्याची पुढची कड धरली पाहिजे, पण ते ट्रिगरपर्यंत आत जाता कामा नये. पिस्तूल बसताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो त्या पकडीचा.

मग शीट १७० ते १८० अंशांच्या आसपास तापवायची. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही. जास्त तापून जळाली तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि हातात जाड मोजे. शीट वाफेवरच्या पापडासारखी लुळी पडली की पिस्तुलावर टाकायची, दोन्ही बाजूंनी जाड फोम ठेवून फळ्यांमध्ये क्लॅम्पनं आवळायची आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाईत काढली तर आकार सैल पडतो. बिघडली तर पुन्हा तापवा, ती बरीचशी सपाट होते. नंतर करवत, कानस, पॉलिश पेपर. भोकं पाडून पितळी आयलेट ठोकायचे. पट्ट्याच्या क्लिपपाशी स्क्रूखाली रबरी वॉशर घातले की पकड कमी-जास्त करता येते.

तपासणी रिकाम्या पिस्तुलावर, आणि तीही निर्दयपणे. होल्स्टर उलटं धरून पलंगावर झटका: पिस्तूल पडता कामा नये. ट्रिगरच्या जागी बाहेरून पेन दाबा: काहीही हलता कामा नये. जोरात उपसा: फक्त पिस्तूल यायला हवं, पट्ट्यावरून होल्स्टर नाही. पट्टाही कडक हवा. लेचापेचा असेल तर उत्तम होल्स्टरही कमरेवर डुलतं.

पैसे वाचवायला म्हणून कुणी हा उद्योग करू नये. शीट स्वस्त असली तरी हीट गन, क्लॅम्प, नकली पिस्तूल धरून बेरीज तयार होल्स्टरच्या वर जाते. ज्याचं पिस्तूल नेहमीचं आहे, त्यानं चांगलं विकत घ्यावं. बनवावं डावखुऱ्यानं, किंवा ज्याचं मॉडेल आणि टॉर्च यांची जोडी कुठे मिळत नाही, त्यानं. आणि जे तपासणीत नापास होईल, ते ‘राहू दे, फार्मवर वापरू’ म्हणून ठेवू नये. आमच्या लॅबमध्ये चुकलेला ब्रेस कचऱ्यात टाकण्याआधी करवतीनं दोन तुकडे करतात, कुणी उचलून अंगावर चढवू नये म्हणून. नापास होल्स्टर घेऊन आलेल्यांना मी तीच करवत दाखवते. काही जण नाराज होतात. तरी तुकडे त्यांच्याकडूनच करून घेते.