शब्द रणांगणातले (भाग ७) : बूट्स ऑन द ग्राउंड

कुठे युद्ध पेटलं की इंग्रजी बातम्यांत हमखास एक प्रश्न येतो : विमानं झाली, क्षेपणास्त्रं झाली, आता 'बूट्स ऑन द ग्राउंड' कधी? म्हणजे, प्रत्यक्ष भूमीवर सैन्य उतरवणार की नाही? या वाक्प्रचाराच्या जुन्या छापील नोंदींपैकी एक १९८० ची आहे, अमेरिकी जनरल व्होल्नी वॉर्नर यांच्या तोंडची.

बूट म्हणजे अर्थातच बुटातला शिपाई. विमान बॉम्ब टाकून तळावर परततं. शिपाई मात्र तिथेच राहतो. नाक्यावर पहारा देतो, रात्री तिथेच पाठ टेकतो. त्याला दाणागोटा लागतो, घोड्याला वैरण लागते आणि महिना भरला की पगार लागतो. वाक्प्रचारातली खरी ताकद या मुक्कामात आहे. आणि मुक्कामाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे वाशीमकरांना वेगळं सांगायला नको.

१८५३ च्या आधीची गोष्ट. वाशीम तेव्हा निजामाच्या वऱ्हाडात. निजामाच्या नावाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली 'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज ठिकठिकाणी छावण्या करून होती. एक छावणी शेजारच्या हिंगोलीला, दुसरी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा! खजिन्यात पैसा नसला की ईस्ट इंडिया कंपनी पगार भागवायची आणि ती रक्कम निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढवायची. कर्ज फुगत गेलं. अखेर गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळात, मे १८५३ च्या तहाने, या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. त्याबरोबर धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले होते. ते दोन्ही १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र नाही. पुढे १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला.

म्हणजे वाशीम-मंगरूळच्या काळ्या रानात कपाशी-ज्वारी पिकवणाऱ्या कुणब्याने भरलेला सारा फौजेच्या पगाराला लागत होता. वऱ्हाड जिंकायला लढाई करावी लागली नाही. फौज उभी होती आणि तिचं बिल थकलं होतं, एवढं पुरलं. इतकी बोलकी मिसाल मला दुसरी माहीत नाही.

आता हा वाक्प्रचार बराकीबाहेरही आला आहे. पुरात होडी घेऊन उतरलेल्या एनडीआरएफच्या जवानांना, दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना तो शोभतो. फोनवरून आढावा घेणाऱ्या साहेबांना लावू नये. जो जागेवर हजर, त्याचाच तो. मराठी बातमी लिहिताना 'जमिनीवर बूट' असं मुळीच लिहू नका, 'प्रत्यक्ष सैन्य उतरवणे' पुरेसं आहे.

पुढच्या आठवड्यात 'सेबर रॅटलिंग'. तोवर कुठल्या बातमीत परक्या भूमीवर फौज उतरल्याचं वाचलंत, तर तिचा पगार कोण भरतंय तेही शोधून पाहा.