साडेचारशे ग्रॅमचा पैलवान: आधी चाकं, मग शस्त्र



"सर, पोरगा फायटिंग रोबोट बनवायचा म्हणतोय. पैसे द्यायचे का?" हा प्रश्न मला हल्ली दुकानाच्या काउंटरवर बऱ्याचदा ऐकू येतो. आपलं दुकान हार्डवेअरचं, त्यामुळे एम-३चे स्क्रू आणि नायलॉक नट घ्यायला कॉलेजची पोरं येतात आणि मागे स्कूटरवर बसलेले वडील हळूच हे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: द्या, पण एकरकमी नको. हप्त्याने द्या. का, ते आज समजून घेऊ.

हा खेळ आहे काय?

दोन रोबोट, बंद पिंजरा, साधारण २ ते ३ मिनिटांचा सामना. रिमोट माणसाच्या हातात. समोरचा हलायचा थांबला की पंच आकडे मोजतात आणि तो हलला नाही तर सामना संपला. दोघंही हलत राहिले तर नुकसान किती केलं, आक्रमक कोण होतं, ताबा कोणाचा होता, यावर निकाल लागतो.

१९९४ मध्ये मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' भरवलं आणि १९९८ पासून बीबीसीने याच नावाचा कार्यक्रम टीव्हीवर आणला. आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स बघायला तोबा गर्दी असते. तिथली मोठी यंत्रं कित्येक किलोंची असतात, त्यांना वर्कशॉप लागतं, टीम लागते. घरच्या टेबलावर शिकायचं असेल तर छोटा गट बरा. अमेरिकेत 'अँटवेट' म्हणजे १ पौंड, म्हणजेच ४५४ ग्रॅम. ब्रिटनमध्ये त्याच नावाचा गट १५० ग्रॅमचा. त्यावरचा 'बीटलवेट' अमेरिकेत ३ पौंडांचा, ब्रिटनमध्ये दीड किलोचा. म्हणून पहिला नियम: ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं नियमपत्रक आधी वाचा, खरेदी नंतर.

वजन हेच भांडवल

इथे पैशापेक्षा ग्रॅम महाग आहे. खिशात पैसे असले तरी ४५४ च्या वर एक ग्रॅम मिळत नाही. फिरतं शस्त्र असलेल्या रोबोटची ही एक ढोबळ वाटणी बघा:

- चाकांच्या दोन मोटारी, गिअरसकट: ४० ग्रॅम
- चाकं: ३० ग्रॅम
- बॅटरी: ४५ ग्रॅम
- शस्त्राची मोटार: ३० ग्रॅम
- शस्त्र: १०० ग्रॅम
- कंट्रोलर, रिसिव्हर, वायरी: ४० ग्रॅम
- सांगाडा आणि चिलखत: १५० ग्रॅम
- स्क्रू-नट: १५ ग्रॅम

बेरीज ४५०. हातात शिल्लक ४ ग्रॅम! आता पोरगा म्हणाला, "शस्त्र थोडं जाड करतो," तर विचारायचं, "कुठून काढतोस ते ग्रॅम?" नवीन माणूस ते चाकांतून किंवा चिलखतातून काढतो. आणि तिथेच सामना जातो.

चाकं गेली की सगळं गेलं

शस्त्र बंद पडलं तरी रोबोट ढकलू शकतो, समोरच्याला भिंतीवर दाबू शकतो, गुण मिळवू शकतो. चाकं बंद पडली तर चांगलं फिरणारं शस्त्रसुद्धा एका जागी बसून राहतं आणि पंच आकडे मोजतात. म्हणून फेरबदल करताना क्रम हा ठेवा.

पहिलं, उलटा पडला तरी चालला पाहिजे. चाकं सांगाड्याच्या उंचीपेक्षा मोठी घेतली की रोबोट दोन्ही बाजूंनी धावतो.

दुसरं, वायरी. धक्का बसला की प्लग निघतो, सोल्डरचा टाका तुटतो, आणि बाहेरून एक ओरखडा नसलेला रोबोट आतून मेलेला असतो. वायर थोडी सैल ठेवा, टाक्याला ताण येऊ देऊ नका, बॅटरीभोवती फोम घाला.

तिसरं, स्क्रू. कंपनाने ढिले होतात. धातूत धातू असेल तर थ्रेडलॉकर चालतं. पण ते पॉलीकार्बोनेटवर लागलं तर प्लास्टिकला तडे जाऊ शकतात, तिथे नायलॉक नटच बरा. हे मी माल खपवायला सांगत नाही, नट दोन रुपयांचाच आहे!

चौथं, चिलखत. थ्री-डी प्रिंटरचं पीएलए कडक असतं, फटक्याने तुकडे होतात. टीपीयू रबरासारखं, धक्का पचवतं. प्रिंटर नसेल तर स्वयंपाकघरातला एचडीपीई प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून उत्तम सांगाडा होतो. मात्र आईला विचारून.

जास्त वेग म्हणजे जास्त मार नाही

शस्त्राचा वेग दुप्पट केला की त्यातली ऊर्जा चौपट होते, हे खरं. त्यामुळे सगळे आरपीएमच्या मागे लागतात. पण एक गणित करा. शस्त्र ९,००० आरपीएमने फिरतंय, म्हणजे सेकंदाला १५० फेरे. रोबोट सेकंदाला ३ मीटर पुढे जातोय. एका फेऱ्यात तो २० मिलिमीटर सरकला. शस्त्राला एकच दात असेल तर तो समोरच्यात जास्तीत जास्त २० मिलिमीटर शिरेल. दोन दात असतील तर १०. त्यात आरपीएम दुप्पट केलं तर ५! दात पकड घेत नाही, नुसता घासून जातो. ठिणग्या उडतात, लोक टाळ्या वाजवतात, समोरचा तसाच उभा.

म्हणून अनुभवी मंडळी एकच दात ठेवतात आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन देतात. गाडीचा धावण्याचा वेग वाढवला तरी दात खोल जातो. बघा, उत्तर पुन्हा चाकांपाशीच आलं. आणखी एक गंमत: उभं फिरणारं शस्त्र जोरात असताना झटकन वळलं की भोवऱ्यासारखा परिणाम होतो आणि एक चाक जमिनीवरून उचललं जातं. वेग थोडा कमी केला की वळण ताब्यात येतं.

एका वेळी एकच बदल

सामना हरला की पोरं रात्रीत मोटार बदलतात, चाकं बदलतात, बॅटरीही बदलतात. मग फरक कशाने पडला ते देवालाच माहीत. वही ठेवा. काय तुटलं, का तुटलं, काय बदललं, वजन किती झालं. स्पर्धेत दोन सामन्यांमध्ये वेळ थोडाच मिळतो. चार स्क्रू काढून चाक बदलता आलं पाहिजे, सुटे भाग डब्यात नावानिशी पाहिजेत.

इथे तडजोड नाही

छोटा आहे म्हणून खेळणं समजू नका. यातलं शस्त्र बोट तोडू शकतं. शस्त्र फिरवायचं ते जाड पॉलीकार्बोनेटच्या बंद पेटीतच, हॉलमध्ये नाही, गच्चीवर नाही, "एकदाच बघू" असंही नाही. पेटीबाहेर असताना शस्त्राला लॉक. रिमोटचा सिग्नल तुटला की सगळ्या मोटारी आपोआप थांबल्या पाहिजेत, हे आधी शस्त्र काढून तपासा. डोळ्यांवर चष्मा.

लिपो बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की खराब व्हायला लागतो. चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच, समोर माणूस बसलेला हवा, रात्रभर लावून झोपायचं नाही. फुगलेली किंवा दबलेली बॅटरी परत वापरायची नाही. शेजारी वाळूची बादली ठेवा.

तर पैसे कसे द्यायचे?

पहिला हप्ता: शस्त्राशिवायचा रोबोट. पुढे उतरती पाचर, दोन मोटारी, चांगली चाकं. रोज फरशीवर चालवू दे, पाण्याची बाटली ढकलून दाराबाहेर काढू दे. दुसरा हप्ता: सुटे भाग आणि एखाद्या स्पर्धेची फी. तिथे हरला तर हरू दे, पण वही भरून आला पाहिजे. तिसरा हप्ता: शस्त्र. वहीची पानं कोरी असतील तर हा हप्ता थांबवा.

आणि वाचणाऱ्या दुकानदार मंडळींनो, आजचा गृहपाठ तुम्हालाही. तुमच्या धंद्याचे ४५४ ग्रॅम कागदावर मांडा. भाडं, माल, पगार, उधारी, जाहिरात. दुकान रोज चालतं ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे तुमची चाकं, यात किती भरतात? नवीन बोर्ड, एलईडी, रील्स यांसाठी ग्रॅम काढायचे असतील तर कुठून काढताय, ते शेजारी लिहा. मालाच्या पैशातून काढत असाल तर थांबा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत पोराला पहिला हप्ता द्या, आणि वहीसुद्धा तुम्हीच आणून द्या.