वाळूंतील थर आणि पुरलेलीं माणसें

'खालचा थर जुना, वरचा नवा' हें वाक्य मीं भूगोलाच्या तासाला फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, याची गणती नाहीं. तें खरेंच आहे. पण वाळूच्या जमिनीविषयीं त्यास एक पुस्ती जोडावयास हवी होती, ती राहून गेली. ती आज जोडतों. तेथें कांहीं थर कोणी घातलेले नसतात, वाऱ्यानें वा पुरानें आणलेलेहि नसतात. एकाच वाळूंत पावसाच्या पाण्यानें ते मागाहून पाडलेले असतात.

उत्तर युरोपांतील माळरानें घ्या. हवा थंड; जमिनीवर हेदरचीं खुरटीं झुडपें किंवा पाइनचीं झाडें. त्यांचा पाचोळा लवकर कुजत नाहीं, आणि त्यांतून झिरपणारें पाणी आम्लधर्मी होतें. वाळूचे कण गारेचे. त्यांत आम्ल मारावयास चुना नाहीं. हें पाणी कणांवरील लोखंडाचा तांबूस लेप धुऊन खालीं नेतें. मागें राखेसारखा फिकट थर राहतो. त्याखालीं काळपट व मग तांबडा थर सांचतो. हा लोखंडी थर कधीं कधीं दगडासारखा घट्ट होतो. अशा जमिनीस 'पॉडझॉल' म्हणतात. शब्द रशियन आहे. त्यांत 'खालीं राख' असा अर्थ आहे. ज्यानें हें नांव ठेवलें त्यानें जमीन डोळे उघडून पाहिली होती!

अशा जमिनींत खड्डा खणला म्हणजे थर तुटतात. माती परत लोटली तरी ती पहिल्या क्रमानें बसत नाहीं. म्हणून आंतलें सर्व नाहींसें झालें तरी खड्डा ओळखूं येतो. मात्र शतकानुशतकें पाऊस झिरपला कीं भरावावरहि नवे थर उमटतात व खूण पुसट होते. उलट, एखाद्या मुळाच्या वाटेनें काळा रंग खालीं उतरतो आणि तेथें खांब रोवला होता असा भास होतो.

याचें मोठें उदाहरण इंग्लंडांतील सफक परगण्यांत सटन हू येथें आहे. इ. स. १९३९ मध्यें एडिथ प्रिटी या बाईंच्या जमिनींतील टेकाड बेसिल ब्राऊन यांनीं उकरलें. आंत सातव्या शतकाच्या आरंभींचें, सुमारें २७ मीटर लांबीचें जहाज होतें. म्हणजे, जहाज नव्हतें! लांकूड कुजून गेलेलें. फळ्यांचा ठसा तेवढा वाळूवर, आणि गंजलेले लोखंडी खिळे जागच्या जागीं रांगेनें. ब्राऊन यांनीं ते न हालवितां आंतील वाळू काढली. खिळे उपसले असते तर जहाजहि गेलें असतें. सोन्याचे अलंकार मात्र जसेच्या तसे होते.

पण प्रेत कोठें? हाडाचा तुकडाहि मिळाला नाहीं. तेव्हां, हें रिकामें स्मारक असावें, असें कित्येकांस वाटलें. १९६० नंतरच्या फेरतपासणींत तेथें फॉस्फेटचें प्रमाण अधिक आढळलें. हाड मुख्यतः चुन्याच्या फॉस्फेटचें असतें. तें आम्लांत विरतें, पण त्याचा अंश भोंवतालीं रेंगाळतो. माणूस तेथें असावा, असें आतां बहुतेक विद्वान् मानतात. पुढें १९८३ ते १९९२ च्या दरम्यान मार्टिन कार्व्हर यांच्या देखरेखीखालीं त्याच माळावर दुसऱ्या थडग्यांत वाळूचींच माणसें सांपडलीं : हाडें नाहींत, केवळ गर्द रंगाची, जरा घट्ट झालेली वाळू, तींत डोकें, पाय, वांकलेले गुडघे ओळखूं येत. सरसकट फावडें चालविणाऱ्यानें तीं माणसें मातीबरोबर फेकून दिलीं असतीं. आपल्या पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें तीन हजार वर्षांपूर्वींचे सांगाडे हाडांसह मिळाले, तें तेथील मातींत चुना असल्यामुळें.

वाळूंत हवा खेळते म्हणून लांकूड कुजतें. हवा कोंडली तर प्रकार उलटा होतो. डेन्मार्कमध्यें गवताळ ढेंकळें रचून केलेल्या कित्येक टेकाडांत ओल्या गाभ्याभोंवतीं लोखंडाचा कठीण पापुद्रा धरला व हवा आंत शिरेना. एग्ट्वेड येथें १९२१ मध्यें अशाच एका टेकाडांत ओकच्या लांकडाची शवपेटी मिळाली. तिचा काळ इ. स. पूर्वीं सुमारें १३७० हा ठरला आहे. आंत सोळा-अठरा वर्षांची मुलगी होती. आम्लानें तिचीं हाडें नेलीं; केंस, नखें, दांत राहिले. तिचा लोकरीचा पोलका व दोऱ्यांचा आंखूड घागरा आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पाहावयास मिळतो.