एक पत्ता आणि दोन दारे

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात एक पिंपळगाव आहे व जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुक्यात दुसरे. म्हणून पाकिटावर पहिल्यास ‘बसवंत’ व दुसऱ्यास ‘हरेश्वर’ हे पद जोडावे लागते. निफाडच्या बाजारात मात्र नुसते ‘पिंपळगाव’ म्हटल्याने भागते. संगणकांच्या पत्त्यांचीही स्थिती अशीच आहे.

१९२.१६८ ने आरंभ होणारे क्रमांक १९९६ सालच्या नियमाने खाजगी जाळ्यांकरिता राखलेले आहेत. पंचवटीतील घरात आणि सातपूरच्या कारखान्यात एकच क्रमांक सुखाने नांदतो. कारण त्या दोहोंची गाठ पडत नाही. गाठ पडते ती एकाच संगणकाला दोन दारे, म्हणजे दोन इंटरफेस, असले म्हणजे. समजा, एका डॉक्टरांचा संगणक तारेने दवाखान्याच्या जाळ्यास व वायफायने वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या जाळ्यास जोडलेला आहे आणि दोन्हीकडील प्रिंटरांचा क्रमांक १९२.१६८.१.५० हाच आहे. अशा वेळी संगणक आपल्या मार्गांच्या कोष्टकात पाहतो. दोन्ही वाटा सारख्याच नेमक्या दिसल्या, तर जिचा ‘भार’ कमी लिहिलेला असेल ती धरतो. रुग्णाचा अहवाल बिऱ्हाडात छापला जातो, आणि संगणक अवाक्षरही काढीत नाही! चुकीपेक्षा हे मौनच अधिक घातक होय.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हा गोंधळ उघडपणे मान्य केलेला आहे. तेथे प्रत्येक दार आपणहून ‘एफई८०’ ने आरंभ होणारा एक पत्ता घेते. तो त्या एका दुव्यापुरताच खरा असतो. राउटर त्यास पलीकडे जाऊ देत नाही. २००५ साली ठरलेल्या रीतीप्रमाणे अशा पत्त्यापुढे टक्क्याचे चिन्ह देऊन दाराचे नाव लिहावयाचे. लिनक्सवर ‘ईटीएच०’ यासारखे नाव असते, विंडोजवर केवळ अंक. ते गाळल्यास लिनक्स सहसा जोडणीच नाकारतो, आणि हा नकार उपकारकच समजावा.

मात्र हे शेपूट तारेवरून प्रवास करीत नाही. ते त्या संगणकाचे घरगुती टोपणनाव आहे. एका यंत्रावरील ‘३’ दुसऱ्यावर भलतेच दार दाखवील, म्हणून फोनवरून शेपटासह पत्ता सांगण्यात अर्थ नाही.

चौथ्या आवृत्तीला असे शेपूट नाही. तेथे डॉक्टरांनी बिऱ्हाडाच्या राउटरवर जाळ्याचा क्रमांकच, उदाहरणार्थ १९२.१६८.५७, असा बदलून घ्यावा. बिऱ्हाडातील यंत्रे एकदा बंद करून सुरू केली की बहुतेक नवे क्रमांक घेतात. प्रिंटरला मात्र क्रमांक हाताने दिलेला असल्यास तो हातानेच बदलावा लागतो.