पडद्यामागून येणारा आवाज

राजगडावरून उत्तरेला पाहिलं की सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा ओळखू येतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसू लागलं. पण टीव्हीच्या लहरी नाकासमोर चालणाऱ्या, डोंगराला वळसा घालणं त्यांच्या स्वभावात नाही. मनोरा उशाला असूनही भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत डोंगराच्या आडोशाला वसलेल्या वाडीत पडद्यावर मुंग्या, आणि उघड्या माळावरच्या घरात चित्र, असा न्याय होता.

त्या चित्रात मोठी माणसं भेटायची ती ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमात. मुलाखत शांत, अभ्यासू. पाहुणा तयारीनं आलेला, प्रश्नकर्ता त्याहून तयारीचा. पाहुण्याला बेसावध गाठायचं आणि त्याचंच आयुष्य त्याच्यासमोर उलगडायचं, हा खेळ अमेरिकेतला.

तिथे राल्फ एडवर्ड्स हा रेडिओ निवेदक. महायुद्धात अपंग होऊन खचलेल्या एका सैनिकाला उभारी द्यावी म्हणून त्यानं कार्यक्रमात त्या सैनिकाचा जीवनपट मांडला. त्यातून ‘धिस इज युवर लाइफ’ जन्मला; 1948 मध्ये रेडिओवर, 1952 मध्ये टीव्हीवर. रीत ठरलेली. बायको किंवा नवरा कटात सामील, पाहुणा काहीतरी भलतंच समजून आलेला, आणि मग पडद्यामागून एक आवाज. तो ओळखता ओळखता पाहुण्याचा चेहरा बदलत जाई. सगळा कार्यक्रम त्या चेहऱ्यासाठी.

1953 मध्ये हॅना ब्लॉक कोनर या बाईंना असं गाठलं. ऑशविट्झसह नाझींच्या छळछावण्यांतून त्या वाचलेल्या. कित्येक वर्षांत न भेटलेला भाऊ इस्रायलहून आणून समोर उभा केला. त्यात माया होती, असं म्हणता येईल. 1955 चं प्रकरण मात्र घशाखाली उतरत नाही. हिरोशिमातून वाचलेले पाद्री कियोशी तानिमोतो साधी मुलाखत समजून आले, आणि त्यांच्यासमोर आणला रॉबर्ट लुईस, बाँब टाकणाऱ्या विमानाचा सहवैमानिक. मध्ये नखांच्या रंगाची जाहिरात. त्या माणसाला कुणी विचारलं होतं का?

ब्रिटनमध्ये बीबीसीनं 1955 मध्येच हा कार्यक्रम उचलला. पहिल्या पाहुण्याचं नाव वर्तमानपत्रानं आधीच फोडलं, तेव्हा एडवर्ड्सनं निवेदक एमन अँड्र्यूज यालाच गाठलं! पुढे अँड्र्यूजच्या हातातलं लाल पुस्तक घराघरांत ओळखीचं झालं. 1961 मध्ये टॉटनहॅम या फुटबॉल संघाचा कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर ते पुस्तक पाहून सरळ चालता झाला. त्याच्या आयुष्यावर हक्क त्याचा होता, मला तो बरोबर वाटतो.

हिंदीत हीच कल्पना झी टीव्हीवर ‘जीना इसी का नाम है’ म्हणून आली. सुरेश ओबेरॉय आणि फारुख शेख या दोघांनी ती वेगवेगळ्या काळात सांभाळली. फारुख शेख यांच्या मऊ बोलण्यानं त्यातला छापा गेला आणि गप्पा आल्या. जुने मित्र, नातेवाईक एकेक करून येत. नटापेक्षा त्याचा शाळूसोबतीच भाव खाऊन जाई.

मराठीत हा प्रकार जसाच्या तसा रुजला नाही, आणि त्याचं कारण टीव्हीच्या बाहेर आहे. आपल्याकडे आयुष्याचा सोहळा आधीपासून आहे. एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. शाल, श्रीफळ, फेटा. लाल पुस्तकाऐवजी गौरवग्रंथ. फक्त धक्का नाही. पत्रिका महिनाभर आधी छापलेली, आणि गौरवग्रंथात कोण काय लिहिणार हे काही वेळा उत्सवमूर्तीच ठरवतात!

धक्का मराठी पडद्यावर दिसला तो विनोदाच्या आडून. 2014 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’त खाकी कपड्यातला पोस्टमन यायचा. पोस्टमन झालेले सागर कारंडे, अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. हसून बेजार झालेले पाहुणे डोळे पुसू लागायचे. जुना मित्र समोर आणायची गरजच उरली नाही. एक कागद आणि ठीक जागी थांबणारा आवाज पुरला. माझ्या मते या प्रकाराला मराठीनं दिलेलं सर्वांत अस्सल रूप तेच.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथून पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली आणि नाव काढलेली माणसं आहेत. गावाकडे त्यांचे सत्कार होतात. पुढचा ठरवाल तेव्हा व्यासपीठावरची एक खुर्ची आमदारांऐवजी उत्सवमूर्तीच्या वर्गमित्रासाठी ठेवा. आणि त्याचं नाव पत्रिकेत छापू नका.