काळ्या पट्ट्यांचा हिशेब

घरच्या टीव्हीवर ‘संत तुकाराम’ लावला, की चित्राच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन काळ्या पट्ट्या उभ्या राहतात. ‘कागज़ के फूल’ लावला, तर त्याच पट्ट्या आडव्या होऊन वर आणि खाली जातात. फूटपट्टी घेऊन मोजून बघा. पहिल्या चित्रपटात पडद्याच्या रुंदीचा जवळपास चतुर्थांश भाग रिकामा राहतो, दुसऱ्यात उंचीचा जवळपास चतुर्थांश. एक १९३६ चा, दुसरा १९५९ चा, आणि आपल्या आजच्या टीव्हीचा आकार तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हता. तरी दोघांच्या वाट्याला इतका सारखा अंधार कसा आला?

सुरुवात एडिसनच्या प्रयोगशाळेत झाली. विल्यम डिक्सननं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच चौकट आखली. कडेची चार छिद्रं सरकली, की पुढचं चित्र. रुंदी ४ तर उंची ३. मूकपट याच मापात वाढले, बोलपटानं ते किंचितच बदललं आणि पुढे टीव्हीनंही तेच उचललं.

मग टीव्हीमुळे थिएटरं ओस पडू लागली आणि सिनेमानं घरात मावणार नाही एवढा रुंद पडदा काढला. १९५३ चा ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. फिल्म मात्र तीच, ३५ मिलिमीटरची! कमाल भिंगाची होती. कॅमेऱ्यातलं भिंग दृश्याची रुंदी निम्म्यावर दाबायचं, प्रोजेक्टरचं भिंग ती पुन्हा दुप्पट फाकवायचं. ही युक्ती आंरी क्रेतियां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची. हबल दुर्बिणीच्या आरशांची रचनाही ज्या दोघांच्या नावानं ओळखली जाते, त्यांतला एक तोच. भारतात सिनेमास्कोप पहिल्यांदा आणला गुरुदत्तनं, याच ‘कागज़ के फूल’मध्ये, व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यातून.

१९८० च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानं साधी गोष्ट केली. प्रचलित मापांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत मिळाला. सगळ्यांच्या आत मावणारा, सामाईक भागाचा आयतही मिळाला. दोन्हींचं गुणोत्तर एकच निघालं: सुमारे १.७७. म्हणजे १६:९!

मला इथे दरवेळी थांबावंसं वाटतं. ४ चा वर्ग १६, ३ चा वर्ग ९. आणखी एकदा गुणा: ६४ आणि २७, म्हणजे २.३७, जवळजवळ सिनेमास्कोपच. एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला रुंदीचं प्रमाण एक तृतीयांशानं वाढलेलं. आपला टीव्ही बरोबर मधल्या पायरीवर उभा आहे. म्हणून खालच्या पायरीचं चित्र रुंदीचा चतुर्थांश सोडतं आणि वरच्या पायरीचं उंचीचा.

रिमोटवर चित्र ताणून पडदा भरायची सोय असते. ती वापरली, की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा जवळजवळ एक तृतीयांशानं रुंद होतो. आमच्या घरी पट्ट्या काळ्याच राहू देतात.